जुन्या मोटारसायकलच्या ऑइल कूलरची पुन्हा पुन्हा होणारी गळती

लक्षण असे आहे. गाडी साताऱ्यात, पोवई नाका ते एमआयडीसी अशा रोजच्या येण्याजाण्यात काहीही तक्रार करत नाही. पण समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन आले, की ऑइल कूलरच्या खालच्या जोडापाशी तेलाचा ओलावा दिसतो, त्यावर धूळ बसून काळा थर जमतो आणि दोन-तीन महिन्यांत तेलाची पातळी, ती दाखवणाऱ्या इंजिनावरच्या काचेवरील, खालच्या खुणेला टेकते. गॅरेजमध्ये तांब्याची वॉशर बदलून मिळतात, गळती थांबते आणि पुढच्या मोठ्या चढाला ती पुन्हा सुरू होते. माझ्या गाडीत हे चक्र 14 महिन्यांत तीन वेळा फिरले.

गाडी 2010 सालची, 200 सीसीच्या पुढची, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी आणि जोडीला ऑइल कूलर असलेली आहे. पल्सर 220, करिझ्मा झेडएमआर किंवा 411 सीसीची हिमालयन ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ही रचना ओळखीची असेल: इंजिनाच्या पुढे, चेसिसच्या उतरत्या पाइपवर एक छोटा पंख्यांचा, म्हणजे पातळ धातूच्या पात्यांचा, कूलर बसवलेला असतो आणि इंजिनातून निघणाऱ्या दोन नळ्या त्याला जोडलेल्या असतात. पुढे जे लिहितो आहे ते कोणत्याही एका कंपनीच्या गाडीबद्दल नाही. बारा-पंधरा वर्षे उन्हात, पावसात आणि इंजिनाच्या उष्णतेत राहिलेल्या रबराबद्दल ते आहे, आणि ते सर्व गाड्यांत सारखेच म्हातारे होते.

मला जे सापडले ते आधीच सांगून टाकतो. तेल वॉशरमधून येत होते, पण दोष वॉशरचा नव्हता. नळीवर सतत ताण होता आणि तो ताण वॉशरला एका बाजूने उचलत होता. हे न ओळखता मी आधी वॉशर बदलली, मग नळ्या बदलल्या, मग कूलरही मोठा बसवला, आणि प्रत्येक वेळी तो ताण तसाच राहिला किंवा नव्या जागी सरकला.

तेल नेमके कोठून येते

गळतीची जागा डोळ्यांनी पाहून ठरवू नये. कूलर सर्वांत पुढे असल्यामुळे त्याच्यातून निघालेला थेंब वाऱ्याने मागे ढकलला जातो, सिलिंडरच्या पंख्यांत शिरतो आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, खाली पसरतो. असे तेल पाहून हेड गॅसकेट गेले आहे असे ठरवणारे आणि विनाकारण हेड उघडणारे गॅरेजवाले मी पाहिले आहेत. उलट टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आलेले तेल खाली उतरून कूलरच्या नळीवर ओघळते आणि निर्दोष नळी बदलली जाते. क्रँककेसची हवा बाहेर सोडणारी ब्रीदर नळी चिखलाने किंवा दुमडल्यामुळे बंद झाली असेल, तर आतला दाब वाढून तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडते. म्हणून ती नळी काढून फुंकून पाहणे हे पहिले काम आहे आणि त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

त्यानंतर इंजिनाचा पुढचा भाग, कूलर, दोन्ही नळ्या आणि त्यांचे चारही जोड डिझेल व ब्रशने धुवावेत, साबणाच्या पाण्याने डिझेलचा अंश काढावा आणि सर्व भाग पूर्ण कोरडे करावेत. मग त्या भागावर साधी टाल्कम पावडर कापडाच्या पुरचुंडीतून झटकावी. मी हे घरी करून गाडी सावकाश यवतेश्वरच्या माथ्यापर्यंत नेली आणि तेथे बाजूला डबल स्टँडवर लावून बॅटरीच्या उजेडात पाहिले. सगळीकडे पांढरे होते. फक्त खालच्या बँजो बोल्टच्या, म्हणजे नळीच्या टोकाच्या कड्यातून जाणाऱ्या पोकळ बोल्टच्या, डाव्या कडेला, वॉशर आणि कूलरचे तोंड यांच्यामधून, शिवणदोऱ्याइतकी बारीक तपकिरी रेघ खाली उतरली होती. उजव्या कडेची पावडर जशीच्या तशी कोरडी होती. वॉशर खराब असते किंवा बोल्ट सैल असता, तर ओलावा सर्व बाजूंनी दिसला असता. एकाच बाजूने गळते याचा अर्थ वॉशर एका बाजूला दाबले गेले आहे आणि दुसऱ्या बाजूला उचलले गेले आहे.

इंजिन गार झाल्यावर मी खाली ट्रे ठेवून तो बोल्ट सोडला, आणि शेवटचा आटा सुटताच नळीचे टोक आपोआप बाजूला झाले. मोजले तेव्हा ते भोकापासून 12 मिलिमीटर सरकलेले होते. म्हणजे इतके दिवस तो बोल्ट तेल अडवण्याबरोबर नळी ओढून धरण्याचेही काम करत होता. बँजो बोल्ट त्यासाठी नसतो. नळीचे टोक हाताने, जोर न लावता, भोकासमोर सरळ बसले पाहिजे आणि बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. ज्यांच्याकडे ही गळती पुन्हा पुन्हा होते, त्यांनी काहीही विकत घेण्यापूर्वी हा एक प्रयोग करून पाहावा, कारण पुढचे सर्व निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

ताण कोठून आला

इंजिन चेसिसला घट्ट बांधलेले असते, त्यामुळे एका सिलिंडरचे सगळे थरथरणे चेसिसमध्ये उतरते. कूलर मात्र पत्र्याच्या पट्टीवर रबरी बुशांच्या, म्हणजे रबराच्या छोट्या कड्यांच्या, आधाराने थोडा तरंगता ठेवलेला असतो, कारण त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नलिका आणि त्यांचे सांधे थरथर सहन करत नाहीत. इंजिन एका तालात हलते, कूलर दुसऱ्या, आणि या दोघांमधला फरक नळीने आपल्या लवचिकतेत सामावून घ्यायचा असतो.

माझ्या गाडीत तीन बुशांपैकी दोन चपटे होऊन भेगाळले होते आणि तिसऱ्याच्या जागी पूर्वीच्या कोणत्या तरी दुरुस्तीत लोखंडी वॉशर घातलेले होते. कूलर त्या बाजूने खाली झुकला होता. त्याच काळात उष्णतेने नळीचे रबर कडक झाले होते. रबराला मऊ ठेवणारे घटक उष्ण तेलाच्या संगतीत हळूहळू निघून जातात आणि नळी काडीसारखी होते. वाकवली असता वरच्या थरावर बारीक भेगा दिसतात. झुकलेला कूलर आणि न वाकणारी नळी एकत्र आल्यावर उरलेली सारी हालचाल वॉशरच्या वाट्याला येते. थंड असताना वॉशर ती कशीबशी पेलते. घाटात तेल तापून पातळ झाले, दुसऱ्या गिअरमध्ये थरथर वाढली, की त्याच फटीतून तेल वाट काढते. सपाट रस्त्यावर गळती का दिसत नव्हती याचे उत्तर मला येथे मिळाले.

हायड्रॉलिकची नळी

आपल्या जिल्ह्यात, तसेच शेजारच्या सांगलीतही, ट्रॅक्टर, जेसीबी आणि ऊसतोडणी यंत्रांसाठी हायड्रॉलिक नळ्या क्रिम्प करून, म्हणजे टोकांना फिटिंग दाबून पक्के बसवून, देणारी दुकाने सहज सापडतात. त्यांचे काम पक्के असते आणि माप दिले तर तासाभरात नळी तयार मिळते. वॉशर बदलून उपयोग होत नाही असे लक्षात आल्यावर मी तेथूनच दोन नळ्या करून घेतल्या होत्या आणि त्या अकरा महिन्यांत कडक झाल्या. दोष दुकानाचा नव्हता. कोणती नळी हवी हे मी सांगितले नव्हते आणि त्यांनी ट्रॅक्टरला लावतात तीच दिली.

नळीवर लिहिलेले वाचावे. एसएई 100 आर-1 ही एका तारेच्या जाळीची सर्वसाधारण हायड्रॉलिक नळी आहे. तिची दाब सोसण्याची क्षमता शंभर बारच्या कितीतरी पुढे असते, तर मोटारसायकलच्या तेलाचा दाब काही बारांपुरता असतो. त्यामुळे दाबाच्या दृष्टीने ती गरजेपेक्षा कितीतरी भक्कम वाटते. परंतु तिची तापमानमर्यादा 100 अंश सेल्सिअसची आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात घाट चढताना तेल 100 अंशांच्या पुढे जाणे हे नित्याचे आहे. म्हणजे जी नळी दाबात पास होते, ती तापमानात रोज नापास होत असते, आणि ते बाहेरून दिसत नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तेल इतके तापू देत नाहीत, म्हणून तेथे तीच नळी वर्षानुवर्षे टिकते.

या कामाला आतून पीटीएफई, म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो, त्याचे अस्तर आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या तारेची वीण असलेली नळी योग्य आहे. पीटीएफई 200 अंशांच्या पुढेही टिकते, तेलाने फुगत नाही आणि कालांतराने कडकही होत नाही. मात्र तिचे दोन स्वभाव लक्षात घेतलेच पाहिजेत. ती रबरापेक्षा मुळातच ताठ असते आणि ठरलेल्या त्रिज्येपेक्षा जास्त वळवली तर आत दुमड पडते; ती दुमड नंतर सरळ करूनही जात नाही, तो तुकडा बाद समजावा. दुसरे असे, की स्टीलची ती वीण कानशीसारखी असते. चेसिसच्या रंगावर, वायरिंगच्या आवरणावर किंवा कूलरच्या पंख्यांवर ती टेकली, तर थरथरीमुळे महिन्याभरात घासून धातू उघडा पाडते. म्हणून वर प्लास्टिकचे आवरण असलेलीच नळी घ्यावी, किंवा वेगळी बाही चढवावी, आणि जेथे जेथे ती काही तरी ओलांडते तेथे रबरी अस्तराची क्लिप द्यावी.

जाडीबद्दल थोडक्यात. नळीचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात असतो. 4 म्हणजे पाव इंच, 6 म्हणजे तीन अष्टमांश इंच. मूळ नळी पाव इंची असताना जाड नळी घातल्याने तेल जास्त वाहील असे वाटते, पण वाटेतली सर्वांत अरुंद जागा ही बँजो बोल्टमधले छिद्र असते आणि ते तेवढेच राहते. जाड नळी फक्त अधिक ताठ होते. मी मूळ मापच ठेवले.

लांबी आणि वळण

नळी तयार करणाऱ्या वयस्कर कारागिराने दुसऱ्या खेपेला मला गाडीच घेऊन यायला सांगितले. नुसती जुनी नळी नमुना म्हणून दिली तर जुना ताणही नव्या नळीत उतरतो, हे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी कूलर नव्या बुशांवर बसवून घेतला, तोंडांना नुसती फिटिंग लावली, मध्ये एक जाड तार वाकवून नळीची वाट आखली आणि तारेची लांबी मोजून त्यात थोडी भर घातली. “सर, नळीला थोडा जीव राहू द्या, ताणून बांधू नका,” एवढेच ते म्हणाले. दाब आल्यावर नळीची लांबी किंचित कमी-जास्त होते. दोन टोकांत ती तंतोतंत सरळ बसवली असेल, तर तो फरक थेट जोडांवर येतो. माझी नवी नळी जुनीपेक्षा 25 मिलिमीटर लांब आहे आणि तिला एक सैलसर वळण आहे.

वळण देण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. पुढचे सस्पेन्शन पूर्ण दबले असता मडगार्ड कूलरपर्यंत येते का, हेही दोघांनी मिळून, एकाने वजन टाकून व दुसऱ्याने खाली वाकून, तपासावे. सायलेन्सरच्या वाकड्या पाइपापासून नळी जितकी लांब जाईल तितकी न्यावी. तापलेल्या सायलेन्सरवर तेलाची धार पडली तर धूर येतो तेव्हाच ते लक्षात येते, आणि त्याच तेलाचे थेंब मागच्या टायरवर गेले तर घाटाच्या वळणावर ते लक्षात येण्याआधीच गाडी घसरते. गळती किरकोळ आहे म्हणून चालवत राहू नये असे मी आग्रहाने म्हणतो ते याच कारणासाठी.

नळी बसवताना ती पिळली जाऊ नये. हायड्रॉलिकच्या नळ्यांवर लांबीभर छापलेली ओळ असते; ती ओळ बसवल्यावर एका रेषेत दिसली पाहिजे. स्क्रूसारखी फिरलेली दिसली तर नळी पिळलेली आहे, आणि पिळलेली नळी आयुष्यभर आपल्या बोल्टला सैल करण्याच्या दिशेने ढकलत राहते. छापील ओळ नसेल, तर बसवण्यापूर्वी मार्करने स्वतः एक रेघ मारून घ्यावी. घट्ट करताना एका पान्याने किंवा हाताने फिटिंग धरून ठेवावे आणि दुसऱ्याने बोल्ट फिरवावा.

नळी कापल्यावर आत रबराचा भुगा आणि तारेचे बारीक तुकडे राहतात, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. क्रिम्प केल्यानंतर मी दोन्ही नळ्यांतून आधी स्वच्छ डिझेल आणि नंतर दाबाची हवा सोडली, आणि खाली धरलेल्या पांढऱ्या कापडावर तारेचे तीन चमकते कण सापडले. हे कण कूलरमध्ये अडकले असते किंवा सरळ बेअरिंगमध्ये गेले असते. बसवेपर्यंत दोन्ही टोके बंद ठेवावीत.

कूलर मोठा करावा का

माझे मत असे, की गळतीवर उपाय म्हणून कूलर बदलू नये. जुना कूलर आत चोंदलेला असेल, पंखे चिखलाने व दगडांनी झोपले असतील किंवा तोंडाच्या सांध्याला भेग असेल, तरच तो बदलावा. इंजिनात पूर्वी बेअरिंग किंवा क्लचचे तुकडे झाले असतील, तर जुना कूलर धुऊन वापरण्याचा मोह टाळावा, कारण अरुंद नलिकांतला धातूचा चुरा पूर्णपणे कधीच निघत नाही.

मी बदलला, आणि त्यातली पहिली चूक सविस्तर सांगणे आवश्यक आहे. बाजारात मिळणारा मूळ मापाच्या दीडपट मोठा कूलर घेतला. त्याच्या जागा मूळ पट्टीशी जुळेनात, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीचा चौकोन करून कूलर त्यात चार बोल्टांनी गच्च आवळला. दिसायला ते फार भक्कम दिसत होते. सात आठवड्यांनी तोंडाच्या गळ्याशी केसाएवढी भेग पडली. नळीचा ताण या वेळी वॉशरवर न येता कूलरच्या सांध्यावर आला होता, कारण आता कूलरला हलायला जागाच नव्हती. आर्गॉन वेल्डिंगने ती भेग भरता येते, पण पातळ नलिकेच्या इतक्या जवळ ते काम फार दिवस टिकत नाही, आणि माझ्याकडेही टिकले नाही. दुसरा कूलर घेताना चारही बिंदूंवर रबरी बुश, बुशाच्या आत लोखंडी नळकांडी म्हणजे बोल्ट कितीही आवळला तरी रबर चेपणार नाही, आणि पट्टी व कूलर यांच्यात बोटभर मोकळी जागा, एवढे करून घेतले. हाताने हलवला असता तो दोन-तीन मिलिमीटर डुलतो. तो तसाच डुलला पाहिजे.

मोठ्या कूलरकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही नीट समजून घ्यावे. कूलर उष्णता टाकतो ती हवेत, आणि त्यासाठी हवा त्याच्यातून वाहावी लागते. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे 15 किलोमीटरच्या वेगाने चढ चढताना मोठ्या कूलरचाही फारसा उपयोग होत नाही. रस्ता मोकळा होऊन वेग आला की तेल लवकर गार होते, एवढाच फरक मला जाणवला. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढून खाली उतरल्यावर पूर्वी गिअर जड पडत असे, तो आता पडत नाही. दुसरीकडे हिवाळ्याच्या सकाळी शहरातल्या शहरात चार किलोमीटर फिरणाऱ्याला फार मोठा कूलर अपायकारक आहे: तेल पुरेसे तापत नाही, त्यातील पाण्याचा अंश उडून जात नाही आणि तेल भरण्याच्या झाकणाच्या आतून दुधाळ पिवळसर चिकटा जमतो. तो दिसला तर कूलरचा काही भाग पत्र्याने झाकावा.

तापमान मोजण्यासाठी अनेकजण हल्ली लेझरच्या बिंदूचा इन्फ्रारेड मापक वापरतात. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खरे तापमान दाखवत नाही, बरेच कमी दाखवतो. जेथे मोजायचे तेथे काळा मंद रंग किंवा उष्णता सोसणारी काळी टेप लावून त्यावर मोजावे, आणि दर वेळी त्याच जागी मोजावे. कूलरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तोंडांमध्ये चालत्या गाडीनंतर लगेच काहीच फरक दिसत नसेल, तर एकतर कूलर चोंदलेला आहे किंवा पंख्यांतून हवा जात नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी जोरदार पाण्याचा फवारा कूलरवर मारू देऊ नये. पंखे त्यानेच झोपतात.

आटे, वॉशर आणि पाना

नव्या कूलरसोबत किंवा फिटिंगसोबत आलेले बोल्ट मूळ बोल्टसारखेच दिसतात, पण आट्यांचे अंतर वेगळे असू शकते. 10 मिलिमीटरच्या बँजो बोल्टमध्ये 1 मिलिमीटर आणि 1.25 मिलिमीटर अशी दोन्ही अंतरे सर्रास आढळतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे बोटांनी आत जातो आणि मग अडतो. तेथे पाना लावला, की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच. गॅरेजमध्ये अशा वेळी आणखी लांब पाना आणला जातो. त्या क्षणी हात धरून थांबवावे. आट्यांचा गेज कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आटे गेलेच असतील, तर मोठे भोक पाडून जाड बोल्ट घालण्यापेक्षा चांगल्या लेथवाल्याकडून स्टीलच्या स्प्रिंगसारखा इन्सर्ट, ज्याला हेलिकॉइल म्हणतात, तो बसवून घ्यावा. तो मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतो.

तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होते आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवी मिळणार नसतील, तर जुनी गॅसच्या आचेवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार करावी. तांबे पुन्हा मऊ होते. त्यावर आलेला काळा थर बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेवून त्यावर वॉशर घासून काढावा, म्हणजे दोन्ही पृष्ठे सपाट राहतात. प्रत्येक बँजोला दोन वॉशर लागतात, एक डोक्याखाली आणि एक तोंडावर, हे माहीत असूनही घाईत एकच घातलेले मी पाहिले आहे.

टेफ्लॉनची टेप आणि सिलिकॉनचा सीलंट येथे अजिबात लावू नये. बँजोच्या जोडात तेल आटे अडवत नाहीत, वॉशरची सपाट पृष्ठे अडवतात. आट्यांवर लावलेली टेप गळतीला काहीच करत नाही, मात्र तिचे तंतू आणि सीलंटचे गोळे तेलाबरोबर आत जाऊन हेडकडे जाणारी बारीक छिद्रे बुजवतात. वॉशर आणि पृष्ठ कोरडे व स्वच्छ असणे पुरेसे आहे.

बोल्ट किती आवळायचा ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेले असते आणि टॉर्क पान्यानेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, ते करावे. जुन्या पुस्तिकांत हा आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो आणि पान्यावर न्यूटन-मीटर असतात. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन-मीटर. हा फरक न पाहता पुस्तिकेतला आकडा तसाच पान्यावर लावला, तर बोल्ट फार सैल राहतो.

तेल भरणे आणि त्यानंतरचे दिवस

नव्या नळ्या आणि कूलर रिकामे असतात, आणि ते भरेपर्यंत पंपातले तेल तिकडेच जाते. म्हणून बसवण्यापूर्वी कूलर आडवा धरून त्यात तेल ओतून घ्यावे. क्लच तेलातच बुडालेला असल्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए-2 हे दुचाकीच्या तेलाचे मानक लिहिलेले आणि पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचेच तेल वापरावे. मोटारीचे तेल क्लच घसरवू शकते. पातळी काचेतील वरच्या खुणेपर्यंत भरून, गाडी डबल स्टँडवर उभी करून, रेस न देता दोन-तीन मिनिटे चालू ठेवावी, बंद करावी, पाच मिनिटे थांबावे आणि पुन्हा पाहावे. पातळी उतरलेली असतेच. मोठ्या कूलरमुळे एकूण तेल जास्त लागते. पुस्तिकेतील मापाने तेल भरून काम झाले असे समजू नये, काचेवरील खूणच मानावी.

पहिल्या दोन दिवसांत जोडाशी किंचित ओलावा दिसला तर घाबरून लगेच पाना लावू नये. बसवताना सांडलेले तेल विणीच्या तारांत अडकलेले असते आणि गरम झाल्यावर ते बाहेर येते. पुसावे, पुन्हा पावडर लावावी आणि पुन्हा घाट चढावा. पावडरवर रेघ आली तर ती कोणत्या कडेने आली ते पाहावे: सर्व बाजूंनी असेल तर वॉशर किंवा टॉर्क, एकाच बाजूने असेल तर अजूनही कोठे तरी ताण आहे, आणि क्रिम्पच्या कॉलरमधून असेल तर नळी दुकानात परत न्यावी, ती आवळून बरी होत नाही. 500 किलोमीटरनंतर गार इंजिनावर चारही बोल्टांचा टॉर्क एकदा तपासावा आणि मार्करने बोल्ट व फिटिंग यांवर मिळून एक रेघ मारून ठेवावी. पुढे ती रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट फिरला हे नुसत्या नजरेने कळते. माझ्या गाडीवरची रेघ एका पावसाळ्यानंतर आणि कासच्या अनेक फेऱ्यांनंतरही जुळलेली आहे आणि तेलाची पातळी दोन तेलबदलांमध्ये हललेली नाही.

एक धोका मात्र स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. बामणोली किंवा केळघरच्या बाजूला नळी फाटली, की जवळच्या गॅरेजवाल्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे इंजिनाची दोन्ही तोंडे बोल्टांनी बंद करून गाडी चालवत आणणे. माझ्या गाडीत पंपातून निघालेले तेल कूलरमधून जाऊन मगच पुढे इंजिनात परत येते, दुसरी वाट नाही. अशा गाडीची तोंडे बंद केली तर पुढच्या भागाला तेलच मिळत नाही आणि काही किलोमीटरांत इंजिन जाम होते. आपल्या गाडीत तेलाची वाट कशी आहे, हे पुस्तिकेतील तेलप्रवाहाच्या आकृतीवरून आजच पाहून ठेवावे. वाट एकेरी असेल, तर दोन्ही तोंडे एकमेकांना जोडणारी, दोन्ही टोकांना बँजो असलेली एक आखूड नळी नव्या नळ्यांसोबतच करून घ्यावी. ती, चार वॉशर आणि अर्धा लिटर तेल माझ्या सीटखाली आणि बॅगेत कायम असते. कूलरशिवाय सावकाश चालवत घरी येण्यापुरते तेवढे पुरते.